मोहाखालचे अस्वल : मध्य प्रांतातील शिकाऱ्यांचे ज्ञान आणि त्याचा वारसा

मध्य भारतातील शिकारीचा इतिहास सहसा वाघाभोवती लिहिला गेला आहे, आणि अस्वल त्यात आलेच तर वाघासाठी घातलेल्या हाक्यातून अवचित बाहेर पडलेले जनावर म्हणून दोन ओळींत येऊन जाते. सातपुडा आणि मैकलच्या डोंगरांत, वैनगंगेच्या खोऱ्यात आणि मेळघाटाच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला मात्र अस्वलाची धास्ती वाघाइतकीच, आणि पुष्कळ ठिकाणी वाघाहून अधिक, वाटत आली आहे, कारण वाघ माणसाची चाहूल लागताच बहुधा बाजूला होतो आणि अस्वलाला ती चाहूल बहुधा उशिरा लागते. 1861 मध्ये स्थापन झालेला मध्य प्रांत आणि 1903 मध्ये त्याला जोडला गेलेला वऱ्हाड, ज्यांचा कारभार नागपूरहून चाले, तो येथे विचारात घेतलेला मुख्य प्रदेश होय. या प्रदेशातील शिकाऱ्यांनी शंभरएक वर्षांत अस्वलाविषयी जे पाहिले आणि लिहून ठेवले, आणि त्यांच्यापुढे वाट काढत चालणाऱ्या गोंड, कोरकू व बैगा माणसांनी जे न लिहिता जपले, ते एकत्र ठेवून पाहिले तर शिकाऱ्यांचे खरे बळ अंतर आणि वेळ ओळखण्यात होते, असे दिसते. अस्वलाच्या स्वभावाविषयी त्यांनी जे निष्कर्ष काढले ते बरेचसे चुकीचे होते, आणि दुर्दैवाने सरकारी धोरणाने उचलले ते हे निष्कर्षच.

हे अस्वल हिमालयातील काळ्या किंवा तपकिरी अस्वलाहून निराळे आहे, आणि युरोपातील प्राणिशास्त्रज्ञांचा त्याच्याशी परिचय झाला तोच एका गैरसमजातून. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ याने 1791 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा लांब, वाकडी नखे आणि वरच्या जबड्यात मधले दोन पटाशीचे दात नसणे या दोन खुणांवरून त्याने या प्राण्याला दक्षिण अमेरिकेत झाडाला उलटा लटकणाऱ्या ‘स्लॉथ’ या मंदगती प्राण्याच्या वर्गात घातले. पुढे 1793 मध्ये मायर याने ‘मेलर्सस’, म्हणजे मधाचे अस्वल, असे नाव देऊन चूक सुधारली, तरी इंग्रजी बोलीत ‘स्लॉथ बेअर’ हे नाव चिकटले ते चिकटलेच. ज्या दोन खुणांनी शॉ फसला त्यांतच या प्राण्याची सगळी जीवनरीत साठवलेली आहे. नखे वारूळ उकरण्यासाठी असतात, आणि पुढचे दात नसल्यामुळे राहिलेल्या फटीतून, लांब व सैल ओठांची नळी करून, अस्वल वाळवी आणि मुंग्या ओढून घेते; त्या वेळी नाकपुड्या मिटून घेण्याची सोयही निसर्गाने त्याला दिली आहे.

वारुळावर बसलेले अस्वल पाहणे म्हणजे माणूस आणि अस्वल यांच्या चकमकीचे मूळ पाहणे होय. अस्वल आधी पुढच्या पंजांनी वारुळाची कडक माती फोडते, मग भोकात तोंड घालून जोराने फुंकर मारते, त्यासरशी धूळ व मातीचे कण उडून जातात, आणि लगेच उलटा श्वास घेऊन ते आतली वाळवी खेचते. फुंकण्याचा आणि ओढण्याचा हा आवाज शांत रानात शंभर मीटरांहून अधिक अंतरावर ऐकू जातो. जो प्राणी स्वतःच इतका गोंगाट करतो त्याला त्या वेळी पाचोळ्यावरचे पाऊल ऐकू येणे कठीण असते. त्याची दृष्टीही फारशी चांगली नाही. नाक तेवढे तीक्ष्ण असते, परंतु वारा उलटा वाहत असेल तर त्याचाही उपयोग होत नाही. अशा अवस्थेत दहा-पंधरा पावलांवर येऊन ठेपलेला माणूस अस्वलाच्या दृष्टीने जमिनीतून उगवलेला असतो, आणि वाघाप्रमाणे झेप घेऊन दूर होण्याइतकी चपळाई त्याच्या अंगात नसल्यामुळे ते पुष्कळदा सरळ समोर चालून येते.

एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रज शिकाऱ्यांनी हे वारंवार अनुभवले आणि लिहिलेही. कॅप्टन जेम्स फोर्साइथ याने 1862 मध्ये पचमढीला तळ ठोकला आणि पुढे निमाडात काम केले; मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील त्याचा ग्रंथ 1871 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल याने 1877 मध्ये सिवनीच्या रानातील मुक्कामांवर पुस्तक लिहिले आणि 1884 मध्ये भारतातील सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ सिद्ध केला. मध्य प्रांतात वनाधिकारी म्हणून काम केलेल्या डनबार ब्रँडरचा तेथील वन्य प्राण्यांवरील ग्रंथ 1923 चा, आणि हिंदुस्थानात जवळजवळ चाळीस वर्षे नोकरी केलेल्या ब्रिगेडियर जनरल बर्टनचे शिकारविषयक पुस्तक 1928 चे. या मालिकेतील लेखकांची दृष्टी सारखी नव्हती. ब्रँडर, उदाहरणार्थ, हा प्राणी मारण्याइतकाच तो पाहण्यातही रस घेणारा निरीक्षक होता. अस्वलाविषयी या सर्वांमागे स्टर्नडेलने नोंदवलेले मत उभे दिसते: डिवचल्यावाचून माणसावर चालून येण्याची प्रवृत्ती या प्राण्यात इतर जवळजवळ कोणत्याही प्राण्यापेक्षा जास्त आहे, आणि तो डोक्यावर व तोंडावर वार करीत असल्यामुळे वाचलेला माणूसही भयंकर विद्रूप होतो. या मताचा उत्तरार्ध अनुभवाने खरा ठरलेला आहे. पूर्वार्धातील ‘डिवचल्यावाचून’ हा शब्द मात्र तपासून पाहावा लागतो.

शिकारीच्या पद्धती पाहिल्या तर अस्वलाच्या दिनक्रमाचे किती बारकाईने निरीक्षण झाले होते हे समजते. पहिली पद्धत हाक्याची होती, म्हणजे पन्नास-शंभर माणसांनी ओळ धरून, डबे-ढोल वाजवत आणि आरडाओरडा करत रान उठवायचे आणि पुढे मचाणावर किंवा दगडाआड बसलेल्या शिकाऱ्याकडे जनावर न्यायचे. हाका बहुधा वाघ-सांबरासाठी असे आणि अस्वल त्यात अनाहूत निघे. दाट केसांमुळे त्याच्या देहाचा नेमका आकार कळत नसल्याने खांद्यामागे धरलेला नेम पुष्कळदा चुके, आणि अस्वल समोरून येत असेल तर छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्याचा आधार घ्यावा लागे. दुसरी पद्धत पावसाळ्यातील मागाची होती. ओल्या मातीत अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा उमटतो, आणि त्यावरून चालत गेले तर माग थेट त्याच्या कपारीशी जाऊन थांबतो.

तिसरी पद्धत सर्वांत शांत आणि सर्वांत बोलकी होती. अस्वल रात्रभर चरते आणि उजाडण्याच्या सुमारास डोंगरातल्या मोठमोठ्या शिळांमधील थंड कपारीकडे परतते, हे डोंगरपट्टीतल्या प्रत्येक गावाला ठाऊक असे. वाटाड्या शिकाऱ्याला मध्यरात्रीनंतर उठवून, वाऱ्याची दिशा चिमूटभर धूळ सोडून पाहून, कपारीच्या वरच्या अंगाला नेऊन बसवी. खालून वर चढणाऱ्या वाटेवर बसणे वेडेपणाचे मानले जाई, कारण घाबरलेले किंवा जखमी अस्वल उताराने खाली लोटते आणि मार्गात जे असेल ते तुडवत जाते. मग थंडीत निश्चल बसून पूर्वेकडे फटफटण्याची वाट पाहायची. प्रथम दगडावर नख घासल्याचा आवाज येई, मग धापा टाकत चढणाऱ्या माणसासारखा श्वास, आणि शेवटी राखाडी उजेडात एक काळी हालचाल. मादी असेल तर तिच्या पाठीवर, खांद्यांवरच्या लांब केसांना धरून बसलेली एक-दोन पिल्ले दिसत. या प्रतीक्षेत शिकाऱ्याला जे कळले ते हेच, की अस्वलाची वाट, त्याची वेळ आणि वारा या तीन गोष्टी ज्याला ठाऊक आहेत त्याच्यावर अस्वल अचानक येऊन आदळत नाही. गावातल्या ज्या माणसाने हे सारे जमवून आणलेले असे त्याचे नाव या पुस्तकांत क्वचितच सापडते, आणि या साहित्याचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करताना ही उणीव सतत ध्यानात ठेवावी लागते.

हीच वाट उलट्या दिशेनेही चालते, म्हणजे कपारीशी बसून राहण्याऐवजी माग काढत कपारीपर्यंत जाता येते, आणि मराठी वाचकाला त्याचे सर्वांत जुने उदाहरण गणेश चतुर्थीच्या कथेतच सापडते. स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आल्यावर श्रीकृष्ण त्या मण्यासह नाहीशा झालेल्या प्रसेनाचा माग काढत निघतो, प्रसेन आणि त्याचा घोडा सिंहाने मारलेला आढळतो, पुढे सिंहही मेलेला आढळतो, आणि तिथून निघालेली अस्वलाची पावले त्याला जांबवंताच्या गुहेपर्यंत नेतात. पुराणकथेचा अर्थ निराळा असला तरी तिची रचना मागकाढ्याच्या अनुभवाची आहे: एका खुणेवरून दुसरी, आणि शेवटी गुहेच्या तोंडाशी समोरासमोर.

हल्ला कसा होतो याविषयी शिकारी लेखक आणि लोकसमज यांत एक चमत्कारिक साम्य आहे. अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारते असा समज महाराष्ट्रात जुना आहे, आणि जीव नकोसा करणाऱ्या प्रेमाला ‘अस्वलाच्या गुदगुल्या’ म्हणण्याची रीत त्यातूनच आली. इकडे 1807 मध्ये कॅप्टन विल्यमसन याने पूर्वेकडील शिकारीवरच्या आपल्या ग्रंथात असे लिहिले की अस्वल माणसाला सहसा तत्काळ ठार करीत नाही, तर त्याचे हातपाय चघळत व चोखत त्यांचा चेंदामेंदा करते. दोन्ही वर्णनांत अतिशयोक्ती आहे, परंतु दोहोंच्या मुळाशी एकच खरे निरीक्षण आहे: अस्वलाचा हल्ला भक्ष्य मारण्यासाठी केलेला नसतो, म्हणून त्यात मानेचा एक घाव नसतो, ते मागच्या पायांवर उभे राहते किंवा चौखूर येऊन आदळते, पंजांनी व दातांनी समोर येईल ते फाडते, आणि समोरचा प्राणी निपचित पडला की बहुधा निघून जाते. आधुनिक आकडे याला पुष्टी देतात. अविभाजित मध्य प्रदेशात एप्रिल 1989 ते मार्च 1994 या पाच वर्षांतील अस्वलांच्या 735 हल्ल्यांचा अभ्यास झाला, त्यांत 48 माणसे दगावली. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल 1998 ते डिसेंबर 2000 या काळात 137 हल्ले नोंदले गेले आणि त्यांत 11 मृत्यू झाले. म्हणजे बारा ते पंधरा हल्ल्यांमागे एक मृत्यू. उरलेली सगळी माणसे जगली, आणि त्यांतली कित्येक एक डोळा, नाक किंवा गालाचे हाड गमावून जगली. मृतांच्या संख्येवर धोका मोजणाऱ्या कोणत्याही हिशेबात ही माणसे दिसत नाहीत.

याला अपवाद म्हणून म्हैसूरच्या अस्वलाचा उल्लेख केला जातो. केनेथ अँडरसनने 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अर्सिकेरेच्या परिसरातील एका नर अस्वलाची हकीकत दिली आहे, ज्याने त्याच्या सांगण्याप्रमाणे बारा माणसांचा बळी घेतला आणि त्याच्या दुपटीने माणसे जखमी केली. ही कथा इतकी वाचली गेली की अस्वल म्हणताच पुष्कळांना तीच आठवते. एका बिथरलेल्या जनावरावरून जातीचा स्वभाव ठरवण्याची ही सवय शिकारकथांनी लावली आणि ती अजून पुरती सुटलेली नाही.

शिकाऱ्यांनी कशाची सांगड घातली नाही हे येथे पाहणे आवश्यक आहे. त्यांना ठाऊक होते की वाघ क्वचित अस्वल मारतो, आणि तेही वारुळाशी गुंतलेले अस्वल मागून धरून. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते, जे जगातील इतर अस्वलांत नेहमीचे नाही, हे त्यांनी पाहिले होते. अस्वल झाडावर उत्तम चढते, मोहोळ काढायला किंवा फळे खायला चढते, परंतु संकटात झाडावर पळत नाही, हेही त्यांनी नोंदले होते. दोन अस्वले बरोबर असताना एकाला गोळी लागली तर ते ओरडत दुसऱ्यावरच तुटून पडते, ही गोष्ट तर अनेक शिकारी लेखकांनी गमतीने सांगितली आहे. खरे तर दुखापत कोठून आली हे न कळलेला, जवळ जे आहे त्यावर प्रतिहल्ला करणारा भेदरलेला प्राणी त्यात दिसतो. या चार गोष्टी शेजारी ठेवल्या असत्या तर त्यांना हे उमगले असते की ज्या प्राण्याने वाघ आणि हत्तींच्या रानात, वाघापुढे पळण्याइतकी गती नसताना आणि झाडाचा आसरा पुरेसा नसताना दिवस काढले, त्याच्याजवळ उभे राहून आधी वार करणे हाच बचाव उरतो. नेपाळमधील चितवन येथील लॉरी आणि सायडेन्स्टिकर यांच्या 1977 च्या अभ्यासापासून प्राणिशास्त्रज्ञ याच दिशेने विचार करू लागले, आणि पाठीवरची पिल्ले ही वाघापासून संरक्षणाची युक्ती असल्याचे मत पुढे मांडले गेले. शिकाऱ्यांनी ज्याला खुनशीपणा म्हटले ती भीती होती.

रानाकाठच्या माणसाने या प्राण्याशी जमवून घेण्याच्या रीती मात्र स्वभावाच्या चर्चेत न शिरता घडवल्या होत्या, आणि त्या मोहाच्या हंगामात स्पष्ट दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची मांसल, गोड फुले रात्रीपासून सकाळपर्यंत टपटप गळत राहतात; गोंड-कोरकूंच्या घरात ती खाणे, विकणे आणि दारू या तिन्ही कामांची, आणि अस्वलाला ती उन्हाळ्याच्या तोंडावर मिळणारी आयती साखर. अस्वल मोह खाऊन झिंगते असे म्हणतात, परंतु ताज्या फुलात मद्य नसते, साखर असते. त्याचे बेसावधपण झिंगेचे नसून खाण्यात गढलेल्या प्राण्याचे असते. झाड एक आणि वेळही एकच, पहाटेची. म्हणून बायका-मुले टोपल्या घेऊन घोळक्याने निघतात, वाटेत मोठ्याने बोलत राहतात, पुढच्या माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असते, आणि झाडाजवळ जाण्याआधी दुरून हाळी घातली जाते. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून ठेवण्याची चाल फुले दिसावीत म्हणून आहे. त्यातून वणवे लागतात हे खरे असले तरी मोकळ्या जमिनीवर वाकलेले अस्वल दुरून दिसते, हाही तिचा एक लाभ आहे. या रीतींना कोणी व्यवस्थापन म्हटले नाही, पण माणूस आणि अस्वल यांच्यातले अंतर राखण्याचे काम त्या करत होत्या.

सरकारी व्यवस्थापन निराळ्या वाटेने गेले. 1870 च्या दशकापासून हिंदुस्थान सरकार हिंस्र श्वापदांनी आणि सापांनी मारलेल्या माणसांचे व गुरांचे वार्षिक तक्ते तयार करू लागले, आणि त्यांत वाघ, बिबट्या, लांडगा यांच्याबरोबर अस्वलाचाही स्वतंत्र रकाना असे. शेजारच्या रकान्यात त्या वर्षी मारलेल्या जनावरांची संख्या आणि दिलेल्या बक्षिसांची रक्कम. जनावर मारून त्याची खूण कचेरीत दाखवली की बक्षीस मिळे. अस्वलाचे बक्षीस वाघापेक्षा कमी असे. या पद्धतीत दोन दोष अंगभूत होते. तक्ता मृत्यू मोजत असे आणि अस्वल प्रामुख्याने जखमी करते, त्यामुळे खरा त्रास कागदावर येतच नसे. आणि बक्षीस कोणत्याही अस्वलासाठी असल्यामुळे मारले जाणारे अस्वल माणसावर हल्ला करणारेच असेल याची काही खात्री नसे. दुसरीकडे 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले, त्याच साली झालेल्या वन कायद्याने रानात शिरण्यावर बंधने आणली, आणि गावकऱ्याजवळ पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील एखादी ठासणीची बंदूक उरली, जिच्या एका बाराने अस्वल मरण्यापेक्षा जखमी होण्याचाच संभव अधिक. जखमी अस्वल हे रानातले सर्वांत धोक्याचे जनावर, हे या बंदुका देणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही, कारण त्यांच्याच पुस्तकांत ते पानोपानी लिहिलेले होते.

संरक्षणाच्या बाजूनेही अस्वल उपेक्षितच राहिले. 1912 च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात हरणे, गवे, रानम्हशी, गेंडे, ससे यांना जागा मिळाली. वाघाप्रमाणेच अस्वलाला मिळाली नाही. शिकारीत त्याला मान नव्हता: कातडे खरखरीत, आणि दिवाणखान्यात लावण्यासारखी शिंगे नाहीत. चरबीला तेवढी मागणी होती, कारण सांधेदुखीवर ती गुणकारी आहे असा समज गोऱ्यांत व देशी लोकांत सारखाच होता. ज्या प्राण्याला ना संरक्षण मिळाले ना शिकाऱ्याचा आदर, तो परवान्याच्या रानात इतर शिकारीच्या जोडीने सहज मारला गेला, आणि स्वातंत्र्यानंतर परदेशी पाहुण्यांसाठी निघालेल्या शिकार कंपन्यांच्या काळातही यात मोठा फरक पडला नाही.

अस्वलाच्या शिकारीची आणखी एक बाजू गावोगाव फिरणाऱ्या दरवेश्याच्या दोरीला बांधलेली होती. महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांनी जिवंत अस्वल पाहिले ते दरवेश्याजवळच. लहान मुलांना त्याच्या पाठीवर बसवले जाई, आणि त्याचे केस ताईतात घालून दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधले जात. त्या अस्वलाची सुरुवात हिवाळ्यातल्या कपारीत होत असे. पिल्ले डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास जन्मतात आणि पहिले दोन-तीन महिने गुहेतच राहतात, त्यामुळे कपार ठाऊक असलेल्या पारध्याला ती काढणे शक्य होते, फक्त आईला दूर करावे लागे, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ तिला मारणे असाच होई. पुढे नाकाला भोक पाडून वेसण, दात काढणे आणि काठीच्या धाकाने उभे राहायला शिकवणे. हे दुःख पाहूनही न दिसण्याइतके सवयीचे झाले होते. 1998 मध्ये केंद्र सरकारने अस्वलांचे खेळ करण्यावर बंदी घातली, त्याआधी तीन वर्षे स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने अस्वले नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरा रोजगार देत अस्वले ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि 2009 मध्ये रस्त्यावरच्या शेवटच्या अस्वलाची सुटका झाल्याचे जाहीर झाले. वन्यजीव संरक्षणाच्या कामात ज्यांचे पोट त्या प्राण्यावर अवलंबून आहे त्यांना सोबत घेतले तर काय साधते, याचे हे भारतातील उत्तम उदाहरण आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले आणि पुढे अस्वलाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, स्थान मिळाले. आज अस्वल माणसाच्या जिवाला धोकादायक झाले आहे अशी खात्री पटल्यास राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षकच, लेखी कारणे देऊन, त्याला पकडण्याची आणि तेही अशक्य असेल तेव्हा मारण्याची परवानगी देऊ शकतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूने केलेला वार मात्र गुन्हा ठरत नाही. हा बदल न्याय्य होता. परंतु बंदुकीबरोबर तिच्यामागचे मागकाढ्याचे ज्ञानही रानातून बाहेर पडले, आणि त्याची जागा घेणारे काही उभे राहायला फार वेळ लागला. मार्च 2016 मध्ये छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात एका अस्वलाने तीन माणसांचा बळी घेतला, त्यांत एक वन कर्मचारीही होता, आणि अखेर पोलिसांच्या गोळ्यांनी ते मेले. कपार कोठे, वारा कुठला, वर बसायचे की खाली, हे सांगणारा माणूस अशा वेळी बरोबर असणे ही चैन म्हणता येणार नाही.

आजच्या चकमकींची कारणे शिकाऱ्यांच्या काळाहून अधिक गुंतागुंतीची आहेत. उत्तर बिलासपूर विभागातील मरवाहीसारख्या भागात रान तुकड्यांत उरले आहे, आणि मधल्या शेतांतून व गावांतून अस्वलाची रात्रीची वाट जाते. विदर्भात मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा आणि बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य या ठिकाणी अस्वल आहे, पण संरक्षित क्षेत्राच्या रेषा त्याला कळत नाहीत, आणि उन्हाळ्यात पाणी व टेंभुर्णी-बहाव्याची फळे जिथे असतील तिथे ते जाते. खाणकामाने शिळांचे डोंगर फुटले की त्याच्या कपारी जातात. कर्नाटकात हंपीजवळ 1994 मध्ये केलेल्या दरोजी अस्वल अभयारण्याचे मोल एवढ्यासाठीच मोठे आहे की तिथे झाडांइतकेच खडकही राखले गेले. भरपाईच्या नियमांत मृत्यू, कायमचे अपंगत्व आणि जखम यांना वेगवेगळे दर असतात, आणि विद्रूप झालेल्या चेहऱ्याने पुढची वीस वर्षे काढणाऱ्या मजुराचे नुकसान त्यांपैकी कोणत्या खणात बसवायचे, हा 1870 च्या दशकातील तक्त्यांनी निर्माण केलेला प्रश्न अजून तसाच आहे.

गावपातळीवर आता जो उपदेश केला जातो तो जुन्या वाटाड्यांच्या सांगण्याशी आश्चर्यकारकपणे जुळतो: पहाटे आणि अंधारात एकट्याने रानात जाऊ नये, बोलत चालावे, हातात काठी असावी, अस्वल दिसले तर पळू नये आणि झाडावर चढू नये, कारण ते दोन्ही गोष्टी माणसापेक्षा चांगल्या करते. अगदी अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत, म्हणजे चेहरा आणि मान झाकली जाते. शाळेच्या पुस्तकातल्या दोन मित्रांच्या गोष्टीत मेल्याचे सोंग घेणारा मित्र वाचतो आणि झाडावर चढलेलाही वाचतो. विदर्भातल्या अस्वलासमोर दुसऱ्याचा भरवसा देता येत नाही.

मोहाच्या हंगामासाठी अलीकडे काही गावांत एक साधी गोष्ट येऊ लागली आहे. झाडाखाली, जमिनीपासून हातभर उंच, बांबूच्या खुंट्यांना हिरवी जाळी ताणून बांधतात. रात्रभर गळणारी फुले तिच्यात साचतात, त्यांना माती लागत नाही म्हणून भाव चांगला मिळतो, आणि पाचोळा जाळावा लागत नाही म्हणून वणव्याचा धोका टळतो. फुले उन्ह वर येईपर्यंत जाळीत सुरक्षित पडून राहत असल्यामुळे बाईला तांबडे फुटण्याआधी झाड गाठण्याची घाई उरत नाही. ती आठ-नऊच्या सुमारास, अस्वल कपारीत जाऊन झोपल्यावर, टोपली घेऊन निघते.